प्रेक्षकांची शिरगणती

जत्रेत तमाशाचा फड लागला, की किती माणसे आली हे फडमालकाला गल्ल्यावरून कळते. नाटक मंडळीचा व्यवस्थापक पडद्याच्या फटीतून डोकी मोजतो, आणि रिकाम्या खुर्च्या दिसल्या की त्याच्या छातीत धस्स होते. पण दूरचित्रवाणीचे काय? तिचा प्रेक्षक आपल्या घरात, दार लोटून, भाजी निवडत किंवा पोराचा अभ्यास घेत बसलेला. तिकीट नाही, टाळी नाही, शिट्टीही नाही. आणि तरीसुद्धा, वाचकहो, दर आठवड्याला आपण वाचतो की अमुक मालिका पहिली आली आणि तमुक मालिका घसरली. घसरली म्हणजे नेमके काय घसरले? कोणी मोजले, कोणाला मोजले?

ही चौकशी निरुपयोगी नाही. या आकड्यांवरून मालिकेतली पात्रे मरतात, मेलेली परत येतात, लेखक बदलतात, चांगली चाललेली कथा एका शुक्रवारी गुंडाळली जाते. कोट्यवधी रुपयांच्या जाहिराती त्याच आकड्यांमागे धावतात. तेव्हा हा हिशेब कसा जन्माला आला आणि तो वाचायचा कसा, हे एकदा पाहू या.

या मोजणीचे मूळ दूरचित्रवाणीत नाही, नभोवाणीत आहे. अमेरिकेत १९३० साली आर्चिबाल्ड क्रॉसली नावाच्या गृहस्थाने लोकांना घरी दूरध्वनी करून, काल तुम्ही काय काय ऐकलेत, असे विचारावयास सुरुवात केली. आता मनुष्यस्वभाव असा, की कालचे विचारले म्हणजे माणसाला गाजलेले तेवढे आठवते. म्हणून १९३४ पासून क्लॉड हूपरने निराळी तऱ्हा काढली. त्याची माणसे दूरध्वनी करून विचारीत, "या घटकेला तुमच्याकडे काय लागले आहे?" आठवणीचा घोटाळा मिटला खरा, पण ज्याच्या घरी दूरध्वनीच नाही तो कुठे मोजला जाणार? गरीब वस्त्या, दूरची खेडी, शेतावरची घरे, सगळी यादीबाहेर. वाचकहो, ही यादीबाहेरची मंडळी जरा ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

तिसरा गृहस्थ शिकागोचा आर्थर नील्सन. त्याचा मूळ धंदा दुकानांत कोणता माल किती खपतो हे मोजण्याचा. माणसाला विचारण्यापेक्षा यंत्राला विचारावे, असा त्याचा रोखठोक विचार. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेतल्या दोघा प्राध्यापकांनी एक यंत्र केले होते. संच केव्हा लागला, कोणत्या केंद्रावर लागला, हे ते आपोआप एका पट्टीवर टिपून ठेवी. नील्सनने १९३६ मध्ये ते विकत घेतले, १९४२ पासून नभोवाणीसाठी वापरले आणि १९५० पासून दूरचित्रवाणीच्या संचांना जोडले. यंत्र खोटे बोलत नाही, हे खरेच. पण संचापुढे कोणी बसले आहे, की नुसतीच मांजर झोपली आहे, हे त्याला कळत नसे.

आता या हिशेबातले दोन शब्द समजून घेतले, की पुढचा रस्ता सोपा आहे. पहिला शब्द गुण, दुसरा वाटा. समजा, शंभर घरांत संच आहेत. रात्री आठ वाजता त्यांपैकी साठ घरांत संच चालू आहे आणि तीस घरांत आपली मालिका लागली आहे. शंभरांत तीस, म्हणून गुण तीस. पण चालू असलेल्या साठांपैकी निम्म्या घरी आपणच, म्हणून वाटा पन्नास टक्के. पुढच्या आठवड्यात गुण चोविसावर आले. निर्माता घाबरतो, लेखकाला बोलावतो, नायिकेला अपघात घडवू या म्हणतो. अहो, थांबा! आधी संच किती चालू होते ते तरी बघा. अठ्ठेचाळीसच चालू असतील तर आपला वाटा अजून पन्नासच आहे. गणपतीचे दिवस असतील, लोक आरास बघायला बाहेर पडले असतील. कथेचा त्यात काय दोष? मात्र साठ संच चालू असून आपल्याकडे चोवीसच आले, तर वाटा चाळिसावर उतरला. म्हणजे आपली सहा घरे शेजारच्या वाहिनीने पळवली. आकडा तोच, चोवीस. पण दोन्ही प्रसंगी दुखणे निराळे आणि औषधही निराळे.

वर्षावर्षांची तुलना करताना तर फारच जपावे लागते. अमेरिकेतलीच तीन उदाहरणे घेऊ. १९ जानेवारी १९५३ रोजी 'आय लव्ह ल्युसी' या विनोदी मालिकेत ल्युसीला मुलगा झाला, तो भाग ७१.७ गुणांचा ठरला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो पाहिला. मौज अशी, की दुसऱ्याच दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता आणि तो पाहणारे होते अंदाजे २ कोटी ९० लाख! पुढे २१ नोव्हेंबर १९८० रोजी 'डॅलस' या कौटुंबिक नाट्यमालिकेत जे. आर. ला गोळी कोणी घातली याचा उलगडा झाला. त्या भागाचे गुण ५३.३, वाटा ७६ टक्के. नुसते गुण पाहणारा म्हणेल, ल्युसीच्या मानाने डॅलस कितीतरी मागे. पण १९५३ मध्ये अमेरिकेतल्या निम्म्या घरांतही संच नव्हता. १९८० पर्यंत तो जवळजवळ घरोघरी गेला होता. डॅलसचा भाग पाहणारी माणसे ८ कोटी ३० लाख भरली, ल्युसीच्या जवळजवळ दुप्पट. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी 'मॅश'चा शेवटचा भाग आला, त्याला ६०.२ गुण आणि अंदाजे १० कोटी ६० लाख प्रेक्षक. तेव्हा टक्केवारी ऐकली की आधी विचारावे, टक्केवारी कशाची?

आता कोणी म्हणेल, एवढ्या कोट्यवधी घरांत यंत्रे बसवली काय? छे! साठ-सत्तरच्या दशकांत साऱ्या अमेरिकेचा निकाल लागे तो साधारण १,२०० घरांवरून. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तीच ही रीत. ती चुकीची मुळीच नाही. शीत नीट घेतले तर भात कळतोच. पण त्याला दोन अटी आहेत. एक म्हणजे शीत सगळ्या पातेल्यातले हवे, नुसते वरचे नको. दुसरी अशी, की शिताच्या अंदाजात थोडे मागेपुढे होणारच, ते गृहीत धरायला हवे. एक हजार घरांच्या नमुन्यात एखाद्या मालिकेला वीस गुण मिळाले, तर खरा आकडा साडेसतरा ते साडेबावीस यांच्यामध्ये कुठेही असू शकतो; संख्याशास्त्राचा साधा हिशेब तसे सांगतो. मग या आठवड्याचे वीस पुढल्या आठवड्यात एकोणीस झाले, यावर अग्रलेख कशाला लिहायचे? चार-सहा आठवडे उतार एकाच दिशेने चालला असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. १९६३ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या मोजणीची कसून उलटतपासणी झाली आणि पुढच्याच वर्षी मोजणाऱ्यांवर नजर ठेवणारे एक मंडळ स्थापन झाले, हे योग्यच झाले.

पण नमुना चोख असला तरी एक प्रश्न उरतोच. किती पाहतात हे कळले, कोण पाहतात? १९७० च्या सुमारास सी. बी. एस. या अमेरिकन जाळ्याने आपल्या पत्रकात डोके घातले. 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स' अशा गावरान ढंगाच्या मालिका, प्रेक्षक भरपूर. पण तो प्रेक्षक उतारवयाचा आणि खेड्यापाड्यांतला. जाहिरातदाराला हवे होते शहरातले तरुण, नवा संसार थाटणारे, खिसा सैल असलेले. १९७१ पर्यंत या मालिकांवर कुऱ्हाड पडली. याच्या उलट उदाहरण 'हिल स्ट्रीट ब्लूज' या पोलिसी नाट्यमालिकेचे. जानेवारी १९८१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा गुणांच्या यादीत तळाशी होती. पण पाहणारे होते ते नेमके जाहिरातदाराच्या पसंतीचे. शिवाय पहिल्याच वर्षी तिला आठ एमी पारितोषिके मिळाली. एन. बी. सी. ने ती चालू ठेवली आणि ती १९८७ पर्यंत चालली. म्हणजे एका प्रेक्षकाचे वजन दुसऱ्याइतकेच असते, हे आपण धरून चालतो ते बाजाराला मान्य नाही. मला विचाराल तर हिल स्ट्रीट ब्लूज वाचली याचा आनंदच आहे. पण ज्या नियमाने ती वाचली त्याच नियमाने खेड्यातल्या म्हाताऱ्याची करमणूक हिरावली गेली, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्या घरी येऊ. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोगादाखल सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले, तेव्हा काही खेड्यांत अभ्यासकांनी मुक्काम ठोकून लोक काय पाहतात, काय बोलतात याची टिपणे केली. पुढच्या काळातल्या यंत्रांना असा मुक्काम कधी जमला नाही.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे 'रामायण' लागू लागले. ३१ जुलै १९८८ पर्यंत त्याचे ७८ भाग झाले. त्या सकाळी रस्ते ओस पडत, संचाला हार घातले जात, हे सगळ्यांच्या स्मरणात आहे. पण किती जणांनी पाहिले याचे जे आकडे सांगितले जातात, ते अंदाजाचे आहेत. एक तर तेव्हा बहुतेक ठिकाणी वाहिनी एकच. गावात एकच दुकान असले म्हणजे त्याचा वाटा शंभर टक्के, यात दुकानदाराचे कौतुक किती करायचे? दुसरे म्हणजे आपला संच हा घराचा नसून आळीचा असे. पाटलांच्या ओटीवर चाळीस माणसे, चाळीत ज्याच्याकडे संच त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. 'घर' हे माप अमेरिकेतून आले, ते इथे बसेचना. तिथे गुण नव्हे, माणसांचे वागणेच बोलत होते. जालंधरच्या सफाई कामगारांनी १९८८ मध्ये मालिकेत पुढची कथाही दाखवावी म्हणून संप केला. वाल्मीकींना आपले मानणारी ही मंडळी. त्यानंतर उत्तर रामायणाची मालिका आली. कोणत्या रोजनिशीत हा प्रेक्षक सापडला असता?

रोजनिशी म्हणण्याचे कारण, त्या काळात आपल्याकडची मोजणी वहीवर चाले. निवडलेल्या घरांत वही द्यायची, आठवडाभर काय पाहिले ते त्यांनी लिहायचे. शनिवारी रात्री सात दिवसांचे एकदम भरणारे महाभाग असणारच! शाळेच्या गृहपाठाची आपली परंपरा थोर आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माणसागणिक बटण असलेली यंत्रे आली आणि मग घराघरांतला प्रत्येक मिनिट मोजला जाऊ लागला. 'टी. आर. पी.' ही तीन अक्षरे घरातल्या आजीच्याही तोंडी बसली ती याच काळात.

३ जुलै २००० हा दिवस या दृष्टीने मोठा बोधप्रद. त्या एकाच दिवशी, एकाच वाहिनीवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाले. प्रश्नमंजूषा नऊला, मालिका साडेदहाला. मालिकेचे गुण भराभर चढले तेव्हा शंका घ्यायला पुरेपूर जागा होती, की हे यश मालिकेचे, का पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर लोक नुसते बसून राहिले? असल्या शंकेचे उत्तर एकाच रीतीने मिळते. आधीचा कार्यक्रम काढून घ्या आणि बघा. तसे झालेही. प्रश्नमंजूषेचे पहिले पर्व २००१ च्या अखेरीस संपले आणि तरीही ती सासू-सुनांची मालिका वर्षानुवर्षे वरच्या स्थानी राहिली, २००८ पर्यंत चालली. तेव्हा ती तिची स्वतःची कमाई होती, हे कबूल करावेच लागते. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग चालली. अशा मालिकेचा आलेख पाहताना आवड कुठे संपते आणि सवय कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण. संध्याकाळच्या चहासारखे ते होऊन जाते.

यंत्रे आली तरी शिताचा प्रश्न होताच. २००१ मध्ये मुंबईतील यंत्रे बसवलेल्या घरांची यादी फुटली. ही घरे कोणती, हे गुप्त असणे हाच या पद्धतीचा पाया. थोडी घरे हाती आली की सगळा देश हाती आल्यासारखाच. आणि पातेल्याचा तळ? बरीच वर्षे ही यंत्रे शहरांतच होती. 'बार्क' या संस्थेने २०१५ च्या एप्रिलपासून नवी मोजणी सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रथमच खेड्यांतले आकडे त्यात धरले. तेव्हा काय झाले? ज्या फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांकडे शहरी जाहिरातदार ढुंकूनही बघत नव्हता, जुन्या मालिका पुन्हापुन्हा लावणाऱ्या वाहिन्या, त्या यादीत झपाट्याने वर आल्या. एका रात्रीत खेड्यातल्या लोकांनी त्या पाहायला सुरुवात केली नव्हती. ते कधीचेच पाहत होते. हूपरच्या दूरध्वनीबाहेर राहिलेली मंडळी ती हीच. २०२० पर्यंत यंत्रांची घरे सुमारे ४४,००० झाली. त्याच वर्षी आकड्यांत फेरफार केल्याच्या आरोपांवरून मोठा गहजब झाला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले.

२०२० चेच आणखी एक उदाहरण. टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असे जाहीर झाले. आकडा थोर आहे, यात वाद नाही. पण मॅशचे १० कोटी ६० लाख आपण वर पाहिलेच. शिवाय हेही पाहावे, की चित्रीकरणे बंद पडल्याने इतर वाहिन्यांकडे नवे भाग नव्हते आणि सारा देश घरात बसला होता. रामायणाची ओढ खरी, दारावरचे कुलूपही खरे. दोहोंचा वाटा वेगळा काढण्याची सोय त्या एका आकड्यात नाही.

अलीकडे मालिका भ्रमणध्वनीवर आणि आंतरजालावर पाहतात, तिथे तर दुकानदारच तागडी धरतो. नेटफ्लिक्सने आधी एका भागाचा सत्तर टक्के अंश पाहणाऱ्यास प्रेक्षक मानले, २०२० च्या आरंभी दोन मिनिटे पाहिली तरी पुरे केले आणि आकडे सरासरीने पस्तीस टक्क्यांनी फुगले, हे स्वतःच सांगितले. २०२१ मध्ये एकूण तास मोजले, २०२३ मध्ये त्या तासांना मालिकेच्या लांबीने भागायला घेतले. मापच दर वर्षाला बदलले, तर आलेख काढायचा कशावर?

आता ज्या उदाहरणाचा मला सर्वांत मोह आहे ते सांगतो. 'हमलोग' ही आपली पहिली मोठी धारावाहिक मालिका. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून साक्षरतेचा आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता, त्यावरून ही कल्पना घेतलेली. लेखक मनोहर श्याम जोशी. पहिल्या तेरा भागांत उपदेशाचा डोस जड झाला, लोक कंटाळले, मग कुटुंबनियोजन मागे सरकले आणि घरातली सुखदुःखे पुढे आली. मालिका उचलली गेली. उत्तर हिंदुस्थानात पासष्ट ते नव्वद टक्के प्रेक्षक आणि दक्षिणेतल्या मोठ्या शहरांत, भाषा परकी असूनही, वीस ते पंचेचाळीस. दूरदर्शनकडे चार लाखांच्या आसपास पत्रे आली. भागाच्या शेवटी दोन शब्द सांगणारे अशोककुमार यांच्याही नावे पत्रांचा पाऊस पडला. बडकीने लग्न करावे की नाही, याचा सल्ला तिला लोकांनी पोस्टाने दिला.

संपल्यावर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी दिल्ली, पुणे आणि मद्रास या तीन ठिकाणी सुमारे १,१७० प्रौढांना गाठून विचारले, की या मालिकेतून तुम्ही काय घेतलेत? मालिकेत भागवंती नावाची आई आहे. नवऱ्याचा जाच मुकाट सोसणारी, सासूची बोलणी खाणारी. स्त्रीने असे राहू नये, हे दाखवण्यासाठी ती उभी केलेली. गुणांच्या हिशेबात तिचे प्रत्येक मिनिट यशस्वी होते. संशोधकांना आढळले, की पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिलाच आदर्श मानले होते.